‘उभयलिंगी’ नव्हे, ‘तृतीयपंथी’ नव्हे आणि ‘विकार’ही नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात ‘मुलीचा झाला मुलगा, निसर्गाची किमया’ या मथळ्याखाली एक बातमी आली. तिच्यावर आक्षेप घेणारे एका वाचकाचे पत्र आपण छापले आणि त्याला उत्तर म्हणून एका डॉक्टर वाचकांनी लिहिले की, ज्यांची जन्मजात शरीररचना मुलगा किंवा मुलगी यांच्या ठरावीक साच्यात बसत नाही अशा (इंटरसेक्स) मुलांसाठी वैद्यकशास्त्रात ‘विकार’ हा अचूक शब्द असताना वृत्तपत्रांनी भावना जपण्यासाठी नवे गुळगुळीत शब्द घडवत बसू नये. बातमीत एकाच मुलाला चार परिच्छेदांत ‘उभयलिंगी’, ‘तृतीयपंथी’ आणि ‘नपुंसक’ अशी तीन विशेषणे लावली होती. आक्षेप घेणाऱ्या वाचकांनी त्यांतल्या फक्त तिसऱ्यावर बोट ठेवले आणि डॉक्टरांनी तिन्ही बाजूला सारून चौथा शब्द सुचवला. या चारांपैकी एकही शब्द नेमका बसत नाही, हे मात्र कोणीच म्हटले नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे.

मी रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचे मराठी भाषांतर करते आणि या बाबतीत माझे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी, ज्या बाळांच्या बाह्य जननेंद्रियांवरून मुलगा की मुलगी हे जन्मतः सांगता येत नाही अशा बाळांच्या पालकांना द्यायचे एक पत्रक मी मराठीत केले. मूळ मजकुरातल्या ‘इंटरसेक्स’ला मी ‘उभयलिंगी’ हा प्रतिशब्द घातला, कारण तो सगळीकडे दिसतो आणि मला खटकला नाही. छपाईपूर्वी तो मसुदा काही पालकांना वाचायला दिला होता. त्यांतल्या एका आईने तो शांतपणे वाचून काढला आणि मला विचारले, “ताई, हे गांडुळाला म्हणतात ना? थोरल्याच्या पुस्तकात आहे.” मी तो शब्द त्याच दिवशी काढला. त्याच्या जागी काय लिहायचे हे ठरवायला मात्र मला पुढे कितीतरी दिवस लागले, आणि आजही मी पूर्ण समाधानी आहे असे नाही.

त्या आईचा प्रश्न भावनेचा नव्हता, अचूकतेचा होता. गांडूळ शुक्रपेशी आणि अंडपेशी दोन्ही तयार करते, जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असतात, त्यांना उभयलिंगी म्हणणे योग्यच आहे. दोन्ही प्रजननसंस्थांचे परिपूर्ण, कार्यरत संच एकाच देहात असलेला माणूस मात्र आढळत नाही. काही थोड्या व्यक्तींमध्ये अंडाशयाच्या आणि वृषणाच्या अशा दोन्ही प्रकारच्या ऊती असतात, पण तोही दुर्मीळ प्रकार आहे आणि त्यातही दोन पूर्ण संच नसतात. शिवाय स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तींसाठीही हाच शब्द सर्रास वापरला जातो. म्हणजे गांडूळ, फूल, एखाद्याचे प्रेम आणि एका नवजात बाळाची शरीररचना या चार वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दाच्या दावणीला बांधल्या आहेत. ज्या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचे चित्र उभे राहते त्याला अचूक कसे म्हणायचे?

हा गोंधळ केवळ मराठीचा नाही, आपण तो उसना घेतला आहे. ग्रीक पुराणकथेतील हर्मीस आणि ॲफ्रोडायटी यांच्या पुत्राच्या नावावरून युरोपीय भाषांनी ‘हर्माफ्रोडाइट’ हा शब्द घडवला आणि वैद्यकाने तो जसाच्या तसा उचलला. १८७६ मध्ये एडविन क्लेब्स या जर्मन रोगनिदानतज्ज्ञाने त्याचे ‘खरे’ आणि ‘छद्म’ असे वर्ग पाडले. जननग्रंथीची, म्हणजे अंडाशयाची किंवा वृषणाची, ऊती हीच काय ती कसोटी ठरली. ती व्यक्ती कशी वाढली, स्वतःला काय समजते, हे प्रश्न त्या वर्गीकरणात कुठेच नव्हते. ज्यांच्या शरीरात एकाच प्रकारच्या ग्रंथी होत्या ते ‘छद्म’ ठरले. ‘छद्म’ म्हणजे खोटे, सोंग घेणारे. निदानाच्या कागदावर एखाद्याला जन्मभर सोंगाड्या ठरवणारा हा शब्द वैद्यकीय ग्रंथांतून शंभर वर्षांहून अधिक काळ चालत राहिला, आणि त्या काळात तोच शास्त्रशुद्ध समजला जात होता, हे ‘शास्त्रशुद्ध’ शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता ‘तृतीयपंथी’कडे येते. हा शब्द अपमानकारक आहे असे माझे म्हणणे नाही. अनेक जण तो स्वतःसाठी अभिमानाने वापरतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. माझा आक्षेप तो भलत्याच ठिकाणी वापरण्याला आहे. आपल्या भाषेत ‘पंथ’ म्हणजे माणूस जो धरतो, ज्याची दीक्षा घेतो, ज्याच्या गुरुपरंपरेत सामील होतो तो. नाथपंथ, महानुभाव पंथ हे शब्द याच अर्थाचे आहेत. हिजडा समाजात गुरू-चेल्याची परंपरा आहे, तिथे ‘पंथ’ शब्दाला अर्थ आहे. परंतु एका दिवसाच्या बाळाने कोणता पंथ धरला? आंतरलिंगी, म्हणजे इंटरसेक्स, असणे हे शरीराच्या घडणीविषयीचे विधान आहे. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके, आंतरिक किंवा बाह्य जननेंद्रिये यांची जन्मजात ठेवण स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या ठरावीक साच्यात बसत नाही, एवढेच त्यात सांगितलेले असते. ती व्यक्ती स्वतःला स्त्री समजते, पुरुष समजते की आणखी काही, हे त्यातून कळत नाही. कोणाकडे आकर्षित होते, हेही कळत नाही. अशा कितीतरी व्यक्ती जन्मभर स्त्री म्हणून किंवा पुरुष म्हणूनच जगतात आणि त्यांना तिसऱ्या कोणत्याही रकान्यात जायचे नसते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तरी या सरमिसळीत नुकसान आहेच. ‘खरे’ हिजडे जन्मतःच वेगळ्या शरीराचे असतात आणि बाकीचे ‘नकली’, अशी एक समजूत लोकांत पक्की आहे. तिच्यामुळे ज्यांचे शरीर जन्मतः पुरुषाचे होते पण ज्यांची ओळख ती नाही, अशा व्यक्तींकडे संशयाने पाहिले जाते, त्यांच्याकडे शरीराचा पुरावा मागितला जातो. दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव दिले की दोघांनाही एकमेकांच्या कसोटीवर नापास व्हावे लागते. २०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री आणि पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा रकाना आला आणि त्यात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली. हा आकडा आजही ‘तृतीयपंथीयांची लोकसंख्या’ म्हणून छापला जातो. त्यात कोण होते, आंतरलिंगी किती आणि ट्रान्सजेंडर किती, हे त्या एका शब्दावरून समजण्याचा काहीच मार्ग नाही.

‘नपुंसक’विषयी फार लिहीत नाही. व्याकरणातल्या नपुंसकलिंगापुरता तो ठीक आहे. माणसासाठी तो वंध्यत्वाचा, नाकर्तेपणाचा आणि शेवटी शिवीचा शब्द आहे. आक्षेप घेणाऱ्या वाचकांशी मी पूर्ण सहमत आहे.

डॉक्टर महोदयांचे म्हणणे मात्र नीट तपासायला हवे, कारण ते प्रामाणिक आहे आणि पुष्कळांना पटणारे आहे. त्यांचा सूर असा की ‘विकार’ हा शास्त्राचा शब्द आणि बाकीचे सौजन्याचे. वस्तुस्थिती अशी आहे की ‘डिसऑर्डर्स ऑफ सेक्स डेव्हलपमेंट’, म्हणजे लिंगविकासाचे विकार (संक्षेपात ‘डीएसडी’), ही संज्ञा २००५ च्या ऑक्टोबरात शिकागो येथे भरलेल्या सुमारे पन्नास तज्ज्ञांच्या परिषदेत ठरली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ठरवतानाचे मुख्य कारणच मुळी असे होते की, आधीची ‘हर्माफ्रोडाइट’ वगैरे नावे रुग्णांना अपमानकारक आणि डॉक्टरांना गोंधळाची वाटत होती. म्हणजे ज्याला ते सौजन्य म्हणून बाजूला सारतात, त्या सौजन्यातूनच त्यांचा शास्त्रशुद्ध शब्द जन्मला. त्या बदलाला चेरिल चेस यांचाही पाठिंबा होता. १९९३ मध्ये उत्तर अमेरिकेत आंतरलिंगी व्यक्तींची पहिली मोठी संघटना उभारणाऱ्या याच बाई. डॉक्टरांच्या भाषेत बोलल्याशिवाय डॉक्टर ऐकणार नाहीत, हा त्यांचा हिशेब व्यवहारी होता. परंतु त्याच वर्षी, २००६ मध्ये, मिल्टन डायमंड आणि हेझल बे यांनी ‘डिसऑर्डर’ऐवजी ‘व्हेरिएशन’, म्हणजे विविधता, हा शब्द सुचवला. इतर देशांतल्या आंतरलिंगी व्यक्तींच्या संघटनांनीही ‘डिसऑर्डर’ला कडाडून विरोध केला. पुढे अनेक डॉक्टरांनीच अक्षरे तीच ठेवून ‘डी’चा अर्थ ‘डिफरन्स’ असा करायला सुरुवात केली. वीस वर्षेही न टिकलेल्या सहमतीला अंतिम शास्त्रवचन मानण्याचे कारण मला दिसत नाही.

त्यातून ‘विकार’ हा मराठी शब्द ‘डिसऑर्डर’हून कितीतरी जड आहे. हृदयविकार, त्वचाविकार, मनोविकार हे त्याचे एक घराणे. काम-क्रोधादी विकार हे दुसरे. ‘विकारवश’ म्हणजे वासनेच्या आहारी गेलेला. त्याला ‘लैंगिक’ हे विशेषण जोडले की जे तयार होते ते भिंतीवरच्या जाहिरातीत ‘गुप्तरोग’ या शब्दाच्या शेजारी वाचायला मिळते. तीन दिवसांच्या बाळाच्या कागदावर ‘लैंगिक विकास विकार’ असे लिहून पालकांच्या हातात दिले, तर ते त्यातले मधले ‘विकास’ वाचतील असे डॉक्टरांना खरेच वाटते का? घरी जाऊन ते आजी-आजोबांना काय सांगणार? इंग्रजी संज्ञेचे शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर अचूक असेलच असे नाही, हे भाषांतराचा व्यवसाय करणारी म्हणून मी खात्रीने सांगू शकते.

एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने मान्य करते, आणि ती महत्त्वाची आहे. आंतरलिंगी शरीरांच्या काही प्रकारांत जिवाला धोका असलेला खरा आजार असतो. जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी हे त्याचे उदाहरण. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींत एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, शरीराला आवश्यक संप्रेरके तयार होत नाहीत, तीव्र प्रकारात शरीरातले मीठ लघवीवाटे निघून जाते आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर बाळ पहिल्या काही आठवड्यांतच दगावू शकते. त्याला आजार म्हणू नका, विविधता म्हणा, असे जर कोणी म्हणत असेल तर तो त्या बाळाच्या जिवाशी खेळ आहे. परंतु आजार आहे तो अधिवृक्क ग्रंथीचा, आणि तिथे ‘विकार’ शब्द चपखल बसतो. त्याच बाळाची गुणसूत्रे एक्सएक्स असतील आणि जास्तीच्या अँड्रोजेनमुळे, म्हणजे पुरुषी संप्रेरकांमुळे, शिश्निका (क्लिटोरिस) मोठी दिसत असेल, तर ती मोठी शिश्निका आजार नाही. तिने बाळाला ताप येत नाही की वेदना होत नाहीत. अचूकता हवी असेल तर आजाराला त्याच्या नावाने आजार म्हणावे आणि देहाच्या ठेवणीला ठेवण म्हणावे. एकाच ‘विकार’ शब्दाने दोन्ही झाकले की औषधाबरोबर शस्त्रक्रियाही आपोआप ‘उपचार’ ठरते, आणि या वादात सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. लहानग्यांची जननेंद्रिये ‘दुरुस्त’ करण्यासाठी त्यांना समज येण्यापूर्वी केलेल्या, वैद्यकीय निकड नसलेल्या शस्त्रक्रियांनी संवेदना गेल्याच्या, वंध्यत्व आल्याच्या, आयुष्यभर व्रण राहिल्याच्या तक्रारी मोठेपणी त्याच मुलांनी केल्या आहेत. ‘दुरुस्ती’ हा शब्द मोडलेल्या वस्तूसाठी असतो, आणि तो बातमीत आला की काहीतरी मोडले होते हे वाचक गृहीत धरतो. माल्टाने २०१५ मध्ये कायदा करून बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१९ च्या निकालात आंतरलिंगी बालकांवर अशा शस्त्रक्रिया रोखण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने, जीवघेणी परिस्थिती वगळता, त्यांना मनाई करणारा आदेश काढला.

नुसता शब्द बदलून वागणूक बदलत नाही, हेही खरे आहे आणि ते सांगितले नाही तर माझे म्हणणे एकांगी होईल. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने २०१८ च्या नियमावलीत ‘डिसऑर्डर’ टाळून ‘डिफरन्सेस’ असा सौम्य शब्द वापरला. त्याच नियमावलीने ४०० मीटर ते एक मैल या अंतराच्या शर्यतींत धावणाऱ्या अशा महिला खेळाडूंना रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी प्रति लिटर ५ नॅनोमोलच्या खाली आणण्याची अट घातली. ती अट योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे, पण ‘डिफरन्सेस’ म्हटल्याने ती तसूभरही हलकी झाली नाही. खेळाच्या बातम्यांचाच विषय निघाला म्हणून सांगते: २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवलेल्या शांती सौंदरराजन यांचे पदक काढून घेतले गेले, तेव्हा ‘लिंगचाचणीत नापास’ असे शब्द ठिकठिकाणी वापरले गेले. नापास व्हायला ती काय शालान्त परीक्षा होती? ‘खरे लिंग उघडकीस’, ‘लिंग लपवले’ ही त्याच जातीची क्रियापदे. ज्या गोष्टीची त्या व्यक्तीला स्वतःलाही कल्पना नसते ती तिने लपवली असे म्हणणे हा अपमान तर आहेच, पण ते धडधडीत असत्यही आहे. संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलतेत गुणसूत्रे एक्सवाय असतात, उदरात वृषण असतात, पण पेशी अँड्रोजेनला प्रतिसाद देत नाहीत. बाह्य शरीर स्त्रीचे घडते आणि बहुतेकदा पाळी आली नाही म्हणून तपासणी केली तेव्हाच ही गोष्ट समजते. अशा मुलीला गुणसूत्रांच्या एका अहवालावरून ‘प्रत्यक्षात पुरुष’ म्हणणारा वार्ताहर विज्ञानाच्या बाजूने बोलत नसतो.

ज्या बातमीवरून हे सुरू झाले तिच्यातला प्रकारही जुनाच आणि ज्ञात आहे. एका विकराच्या कमतरतेमुळे टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूप तयार होत नाही, जन्मतः बाह्य जननेंद्रिये मुलीसारखी दिसतात, आणि वयात येताना आवाज फुटतो, स्नायू भरतात, लिंग वाढते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांमधल्या अशा मुलांचा अभ्यास १९७४ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. बातमीतल्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच असेल असा माझा दावा नाही, ते त्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगावे आणि आपल्याला सांगू नये. पण ‘किमया’ हा शब्द कुतूहल चाळवतो आणि मुलाला प्रदर्शनात उभे करतो.

मग म्हणावे काय? ‘इंटरसेक्स’ हा शब्द रिचर्ड गोल्डश्मिट या प्राणिशास्त्रज्ञाने पतंगांवरच्या प्रयोगांसाठी रूढ केला. १९१७ मध्ये त्याने तो माणसांच्या संदर्भात मांडला. त्याचे मूळ असे प्रयोगशाळेतले असले, तरी पुढे त्या व्यक्तींनीच तो उचलला आणि आपल्या चळवळीचा शब्द केला. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर झालेली निदर्शने याच शब्दाखाली आज दरवर्षी स्मरली जातात. मराठीत ‘इंटरसेक्स’ असेच देवनागरीत लिहायला माझी हरकत नाही. प्रतिशब्द हवा असेल तर ‘आंतरलिंगी’ हा मला आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत कमी चुकीचा वाटतो, आणि ‘सर्वांत कमी चुकीचा’ हे मी जाणूनबुजून म्हणते आहे.

त्यातही दोन अडचणी आहेत. पहिली किरकोळ: काही जण ‘अंतरलिंगी’ लिहितात. ‘अंतर’ म्हणजे दुरावा किंवा मन; ‘दोहोंच्या दरम्यान’ या अर्थी मराठीत ‘आंतर’ रुजला आहे, जसे आंतरजातीय, आंतरशालेय, आंतरराष्ट्रीय. तेव्हा ‘आंतरलिंगी’च लिहावे. दुसरी अडचण गंभीर आहे आणि ती ‘लिंग’ या शब्दातच आहे. मराठीत लिंग म्हणजे व्याकरणातले लिंग, लिंग म्हणजे स्त्री-पुरुष असणे, आणि लिंग म्हणजे पुरुषाचे जननेंद्रियही. इंग्रजीत ‘सेक्स’ आणि ‘जेंडर’ असे निदान दोन शब्द आहेत, आपण दोन्हींसाठी ‘लिंग’ वापरतो आणि मग ‘लिंगभाव’ असा जोडशब्द करून वेळ मारून नेतो. त्यामुळे ‘आंतरलिंगी’ ऐकणाऱ्या सामान्य वाचकाचे लक्ष प्रथम एका अवयवाकडे जाते, जे अगदी टाळायला हवे. माझ्या पत्रकात शेवटी मी पहिल्या वाक्यात नावच दिले नाही. ‘काही बाळांची लैंगिक वैशिष्ट्ये मुलगा किंवा मुलगी यांच्या नेहमीच्या ठेवणीपेक्षा वेगळी असतात’ असे लिहिले आणि नाव दुसऱ्या परिच्छेदात आणले. वृत्तपत्राला एवढी जागा नसते हे मला समजते, पण एका ओळीचा खुलासा पहिल्या उल्लेखापाशी करता येतो.

कायद्याच्या भाषेचा आधार घ्यावा तर तिथेही सावध राहायला हवे. संसदेने २०१९ मध्ये केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याने आंतरलिंगी विविधता असलेल्या व्यक्तीची स्वतंत्र व्याख्या केली. तीत ‘डिसऑर्डर’ नव्हे तर ‘व्हेरिएशन’ हा शब्द आहे, याची डॉक्टरांनी नोंद घ्यावी. पण त्याच कायद्याने ती व्यक्ती ‘ट्रान्सजेंडर व्यक्ती’च्या व्याख्येच्या पोटातही घातली. म्हणजे एका कलमात वेगळे काढले आणि दुसऱ्यात पुन्हा मिसळले. वार्ताहरांचा गोंधळ होतो त्याला हेही एक कारण असावे. याउलट तामिळनाडूत न्यायालयाच्या निर्देशांनंतर २०२२ मध्ये सरकारने या विषयावरील आदरपूर्वक शब्दांची तमिळ सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. अशी सूची करायला मराठीला काही अडचण असावी असे मला वाटत नाही.

आकड्यांच्या बाबतीतही शब्दच निर्णायक ठरतो, हे कमी लोकांना ठाऊक असते. अशा व्यक्तींचे प्रमाण १.७ टक्के आहे असे आपण वाचतो, आणि ते ०.०१८ टक्के आहे असेही वाचतो. दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे असे वाटावे इतकी ही तफावत आहे. पहिला आकडा २००० साली ॲन फॉस्टो-स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यातला सुमारे १.५ टक्क्यांचा वाटा एकट्या उशिरा प्रकट होणाऱ्या अधिवृक्क अतिवृद्धीचा आहे, जिच्यात जन्मतः काहीच वेगळे दिसत नाही. दुसरा आकडा २००२ मध्ये लिओनार्ड सॅक्स यांनी मांडला आणि त्यांनी ही अवस्था तर वगळलीच, शिवाय क्लाइनफेल्टर आणि टर्नर या गुणसूत्रांच्या अवस्थाही वगळल्या. बाह्य जननेंद्रियांची ठेवण जन्मतःच वेगळी असण्याचे प्रमाण साधारण साडेचार हजार जन्मांत एक, असे शिकागोच्या निवेदनात म्हटले होते. तेव्हा आकडा छापताना कोणाला मोजले हे एका वाक्यात सांगितले नाही, तर तो आकडा निरर्थक आहे.

व्याकरणाविषयी थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मराठीत खरी कसोटी नामापेक्षा क्रियापदापाशी लागते. तमिळ, बंगालीपेक्षा आपली भाषा या बाबतीत वेगवेगळ्या परींनी कठोर आहे: ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत बोलणाऱ्याला स्वतःविषयीच निवड करावी लागते, आदरार्थी ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ यांतून सुटका नाही. पण याच भाषेने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. एक म्हणजे मूल, बाळ, लेकरू, अपत्य ही नामे नपुंसकलिंगी आहेत आणि त्यांत कसलाही कमीपणा नाही. ‘बाळ रडलं’, ‘मूल खेळतं’ हे आपण प्रत्येक घरात प्रेमानेच म्हणतो. ज्या बाळाच्या बाबतीत डॉक्टर आणि पालक अजून विचार करत आहेत त्याच्याबद्दल लिहिताना घाईने ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणण्याचे काहीच कारण नाही, आणि इंग्रजी ‘इट’मध्ये जो निर्जीवपणा आहे तो आपल्या ‘ते’मध्ये मुळीच नाही. दुसरी वाट ‘व्यक्ती’ या शब्दाची. तो स्त्रीलिंगी असला तरी कोणाहीसाठी चालतो. ‘ही व्यक्ती म्हणाली’ असे लिहिले की पुरुषाला कमीपणा येत नाही आणि स्त्रीला वेगळेपणा येत नाही. प्रौढ व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलणे झाले असेल तर मात्र या पळवाटांची गरज नाही. तिला विचारावे, किंवा ती स्वतःबद्दल ‘गेलो’ म्हणते की ‘गेले’ म्हणते ते नुसते ऐकावे.

हेच नावालाही लागू आहे. आपल्याला आंतरलिंगी म्हणू नये, आपण स्त्री आहोत आणि आपल्याला अमुक एक अवस्था आहे, असे सांगणाऱ्या व्यक्ती आहेत. ‘विकार’ शब्दच आपल्याला सोयीचा वाटतो असे म्हणणारेही असतील. त्यांच्याविषयी लिहिताना त्यांचा शब्द घ्यावा. पण कोणी स्वतःसाठी वापरलेला धारदार शब्द बातमीदाराला आपोआप वापरता येतो असे नाही. चेरिल चेस यांच्या संघटनेच्या वार्तापत्राच्या नावातच ‘हर्माफ्रोडाइट्स’ हा शब्द होता, तो त्यांनी डॉक्टरांच्या तोंडचा हिसकावून घेतला होता. दुसऱ्याने तो उच्चारला की तो पुन्हा डॉक्टरांचाच होतो. ‘हिजडा’ शब्दाबाबत आपल्याला हे अनुभवाने माहीत आहे.

शेवटी एक विनंती. माझ्या या पत्रामुळे किंवा आधीच्या पत्रामुळे आपण त्या बातमीबाबत खुलासा छापण्याचे ठरवले, तर त्यात मूळ मथळा, मुलाचे छायाचित्र, त्याच्या शाळेचा आणि गावाचा उल्लेख यांपैकी काहीही पुन्हा येऊ नये, आणि संकेतस्थळावरील बातमीतून ते काढून टाकावे. त्या मुलाला अजून दहावीच्या वर्गात रोज जाऊन बसायचे आहे.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार वाचक